बारा वर्षांचा अमरकंद

सासूबाई, आज अमरकंदाची माती बदलली. तुम्हाला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायचा प्रश्नच आला नाही. माहेरी गेले तरी माझा निरोप गाडीवानाच्या तोंडून यायचा आणि तो त्यातला अर्धा वाटेत सांडायचा. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की पत्र तुम्हाला कोण वाचून दाखवील आणि वाचता वाचता मधला मजकूर चाखेल की काय, ही काळजीसुद्धा उरली नाही. तेव्हा मोकळेपणानं लिहिते. हात अजून मातीचे आहेत, कागदाला डाग पडताहेत, आणि तुम्ही असतात तर आधी त्यावरूनच मला ऐकवलं असतं.

या झाडाशी तुमची ओळख तुम्ही ते खाल्लंत तिथपासून सुरू झाली, हे पहिल्यांदा नमूद करून ठेवते. मी भोकरदनला नांदायला आले तेव्हा जालन्याहून निघताना वडिलांनी माझ्या ओटीत हळकुंडं, सुपाऱ्या आणि खोबऱ्याच्या वाटीशेजारी ओल्या फडक्यात बांधलेले कंद घातले. ओटी खरं तर बायकांनी भरायची. पण माझी आई मी लहान असतानाच गेलेली, आणि वडील वैद्य, त्यामुळे ओटीतही औषधच पडलं. आल्यासारखे गाठीगाठींचे, अंगावर कड्या उमटलेले ते कंद त्यांनी अजिंठ्याच्या डोंगरातल्या सागाच्या रानातून आणवले होते. जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरी ओसरीवर ते औषधं कुटायचे आणि मी समोर बसून शब्दरूपं म्हणायची. मुलगा नव्हता म्हणून मला शिकवलं, असं ते लोकांना सांगत, आणि मला एकटीला सांगत की मुलगा असता तरी त्याला इतकं आलं नसतं. निघताना म्हणाले, "मृगाच्या अलीकडे लाव. याला घाई सोसत नाही." तुमची घाई त्यांनी पाहिली नव्हती.

वैशाखातली एकादशी होती. कंदमूळ उपासाला चालतं हे शास्त्र, आणि शास्त्राच्या बाबतीत तुम्ही कधी कमी पडला नाहीत. मी विहिरीवरून घागर घेऊन येते तर स्वयंपाकघरात तुम्ही आणि आत्याबाई, म्हणजे मामंजींच्या थोरल्या विधवा बहीण, पानावर बसलेल्या. पानात उकडलेल्या फोडी, वर तूप, जिरं आणि सैंधव.

"तुझ्या माहेरची रताळी लई चिकट हायेत गं," तुम्ही म्हणालात. "जिभेला भेंडीवानी लागून राह्यली. तिकडं पाणी जास्त झालं का?"

मी घागर खाली ठेवायचीही विसरले. "ती रताळी नाहीत, सासूबाई. अमरकंद आहे. औषध आहे ते."

आत्याबाईंचा घास हातातच थांबला. "कशाचं औषध?"

"अंगात ताकद यायचं," मी म्हणाले. मग वैद्याची लेक असल्यामुळे खोटं बोलवेना. "अन् मूलबाळ व्हायचं."

आत्याबाईंनी पान पुढे सरकवलं. विधवेनं असलं औषध खाल्लं तर उपास मोडला, की आणखी काही मोडलं, याचा त्यांना निर्णय लागेना. त्या उठून सरळ देवघरात गेल्या. तुम्ही मात्र पान चाटूनपुसून संपवलंत आणि म्हणालात, "बरं झालं. आता आम्हा दोघींना लेकरं व्हायचीच काय ती राह्यली व्हती." मी रडत होते, आणि त्या वाक्यानं मला हसू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला ठसका लागला. तुम्ही माझ्या पाठीवर थापट्या मारल्यात. टोपलीच्या तळाशी एक जोडकंद उरला होता. त्याला मुळ्यांची दाढी होती म्हणून तुम्ही तो चांगला नसावा असं समजून टाकून द्यायला ठेवला होता.

त्याच वर्षी भाद्रपदात वडील तापानं गेले. तुम्हाला बोलायला जमायचं ते रागावण्याचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहते तर तुम्ही तुळशीपाशी खाली बसून त्या कंदाच्या पानावरची माती पदरानं पुसत होतात.

तुळशीपाशी, कारण ती उरलेली जोडी तुम्ही वृंदावनात लावली होती. तुमचा विचार सरळ होता. घरातली सगळ्यांत पवित्र जागा, शेणखताची रेलचेल, आणि रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी. सुनेच्या माहेरचा म्हणून तुम्ही त्याला देवाशेजारी बसवलंत, आणि देवाच्या शेजारानं तो कुजायला लागला. पावसाळाभर त्यानं हळदीसारखी लांब, घड्या पडलेली पानं काढली. कार्तिकात ती पिवळी पडून आडवी झाली, तशी तुम्ही एका तांब्याचे दोन तांबे केलेत. मी हळूच म्हणाले की आता त्याला पाणी नको, तो झोपलाय. तुम्ही म्हणालात, "झोपलेल्या लेकराला बी तहान लागती." माघात माती उकरली तेव्हा जोडीतला एक कंद ताकासारखा पातळ होऊन तुमच्या बोटांतून निथळला. दुसरा टणक होता. तुम्ही बराच वेळ हात तसाच धरून बसलात, आणि मग मलाच बोललात.

"तुला ठावं व्हतं तर वरडून का न्हाई सांगितलंस? येवढं सौंस्कृत पाठ, अन् येळंला एक शब्द तोंडातून निघंना?"

सासूनं सुनेला मोठ्यानं बोलायला सांगितल्याचं हे आपल्या आळीतलं एकच उदाहरण असावं. मी ते ऐकलं, आणि त्याचा त्रास पुढे सगळ्यांत जास्त तुम्हालाच झाला.

मग आपण दोघींनी तो शहाण्यासारखा लावला. वडील औषध कुटता कुटता जे बोलत ते मी आठवून सांगायची आणि तुम्ही त्यातलं पटेल तेवढं घ्यायचात. पहिली गोष्ट, काळी माती वर्ज्य. आपल्याकडच्या काळ्या मातीत कापूस होतो, ज्वारी होते, पावसात पाय रुतला तर वहाण तिथंच राहते. पण ती भिजली की फुगते, वाळली की आवळते, आणि कंदाचा गळा धरते. तुम्ही तिची म्हणच करून टाकलीत: काळी कपाशीला, अमरकंदाला फाशी. फुटक्या रांजणाचा तळ घेतला, त्याला भोकं पाडली, खाली खापराचे तुकडे घातले. वर मुरूम, पडक्या भिंतीतल्या चुन्याचा चुरा, आणि वर्षभर कुजलेला पाला. शेणखत नाही. शेवटी ओटीच्या फडक्याला चिकटून राहिलेली डोंगरातली चिमूटभर माती तुम्ही कुंकवासारखी बोटांत धरून वरून सोडलीत. वडील म्हणायचे, या झाडाला त्याच्या रानातली माती थोडी का होईना लागतेच, दुधाला विरजण लागतं तशी; तिच्यावाचून तो नुसता जिवंत राहतो, लागत नाही. कंद पुरायचा नाही, बसवायचा. एक खांदा उघडा ठेवायचा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली हवी म्हणून कुंडी परसात शेवग्याखाली गेली. मृगापासून पाणी हवं तेवढं, पण ते खालून वाहून गेलं पाहिजे. पान पिवळं पडलं की बंद, आणि कोंब दिसेपर्यंत बिलकुल बंद.

हे शेवटचं तुम्हाला सगळ्यांत जड गेलं. तुळशीला पाणी घालून परत फिरताना तुमचा तांब्या आपोआप त्या कुंडीकडे वळायचा. शेवटी तुम्ही स्वतःच एक टोपलं आणून कुंडीवर पालथं घातलंत आणि त्यावर पाट्याचा फुटका तुकडा ठेवलात. "आता दिसणं न्हाई अन् पाजणं न्हाई," म्हणालात. चैत्र सरेपर्यंत ते टोपलं तसंच. आळीतल्या बायका विचारायच्या, आत काय आहे, तुम्ही सांगायचात, "इहीणबाई निजल्यात." माझ्या आईला तुम्ही कधी पाहिलं नव्हतं. तिची अशी सोय लावलेली मला आवडायची.

तिसऱ्या वर्षी वैशाखात पानाआधी दांडा आला, आणि त्यावर खाली माना घातलेली हिरवट फुलं, आत जांभळी रेघ. तुम्ही ती पाहून म्हणालात, "येवढ्यासाठी येवढं?" मला वाईट वाटलं, पण मत माझंही तेच होतं. आत्याबाईंना मात्र त्या फुलात वेगळंच दिसलं. मला येऊन तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. दुपारची जेवणं उरकली होती, मी चुलीपाशी राख सारत होते. तुम्ही दारात ज्वारी पाखडत होतात. आत्याबाई येऊन बसल्या आणि मी तिथं नसल्यासारखं बोलायला लागल्या.

"वैनी, फुललं म्हंजे कंद पिकला. आता काढ अन् घाल हिला दुधात शिजवून. कुंडीत ठेवून काय त्याची पूजा बांधायची हाय?"

"बघू," तुम्ही म्हणालात.

"बघू काय? गुण आला तर सोनं. न्हाई आला तर शहागडकडची एक पोरगी हाय माझ्या नजरंत. घरचं बरं हाय, कामाला जल्दी हाय. पोराचं दुसरं लग्न केल्यानं काय आभाळ कोसळत न्हाई. तू बी तशीच आल्तीस की या घरात."

तुमचं सूप थांबलं. मला ते तोवर ठाऊक नव्हतं. म्हणजे दर अविधवा नवमीला तुम्ही जिच्या नावानं सवाष्ण जेवायला घालायचात ती मामंजींची पहिली बायको, एवढं ठाऊक होतं. पण ती जिवंत असताना, मूल नाही म्हणून तिच्या उरावर तुम्हाला आणलं गेलं, आणि पुढे कितीतरी वर्षं ती याच घरात धान्याच्या कोठीशेजारच्या खोलीत निजत होती, हे मला त्या दुपारी कळलं. आणि ते लग्न जुळवलं होतं आत्याबाईंनीच. तुम्ही सूप परत हलवायला लागलात. आत्याबाई उठून गेल्या.

तुमच्या चिरंजीवांचं म्हणाल तर ते त्या काळात जेवणाच्या ताटापलीकडे कशाकडेही बघत नसत. मी धीर करून त्यांना विचारलं होतं, ते म्हणाले, "आई म्हणेल तसं." आज ते माझ्याशी तासन्‌तास बोलतात, कधी कधी मीच कंटाळते, पण तेव्हा त्यांचं सगळं म्हणणं एवढंच होतं, आणि म्हणून माझं काय होणार ते तुमच्या तोंडात होतं.

दुसऱ्या दिवशी आपण भाजणी दळायला बसलो. जात्याच्या खुंट्यावर तुमच्या हाताखाली माझा हात, असे. मीच म्हणाले, "द्या मला तो कंद, सासूबाई. होईल ते होईल. वडिलांचा म्हणून मी अडून बसणार नाही."

"येडी हायेस," तुम्ही म्हणालात. "द्यायला मला काय जड हाय? पण दिला, अन् गुण न्हाई आला, मंग? मंग तू औषधानं बी बरी न झालेली बाई. मंग कुणाचं तोंड धरू मी? जवर तो कुंडीत हाय तवर उपाय बाकी हाय. उपाय बाकी असताना दुसरी आणता येत न्हाई कुणाला." जातं एक फेर फिरलं. "थोरलीला समदे उपाय करून झाले व्हते. येकामागं येक, एका सालात. कुणी दम धरला न्हाई." आणखी एक फेर. "ह्याला येळ लागतो म्हणून एखादा श्लोक हाय का तुझ्या वडलांचा?"

"नाही."

"मंग कर की. येवढी शिकलीस ती काय लोणचं घालायला?"

माझ्या विद्येचा त्याहून चांगला उपयोग कुणी सुचवला नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. भाजणी संपेस्तोवर श्लोक झाला. जात्याच्या लयीत अनुष्टुभ बरा बसतो. संध्याकाळी मामंजी तहसिलीतून आले, पगडी खुंटीला लावली, आणि आत्याबाईंनी विषय काढायच्या आत तुम्ही म्हणालात, "सूनबाई, तुझे वडील त्या कंदाविषयी काय म्हणायचे ते म्हणून दाखव बरं यांना." मी भिंतीकडे तोंड करून, पदर सावरून म्हटलं:

द्वादशाब्दोषितः कन्दो वन्ध्यादोषं व्यपोहति ।
ऊनवर्षो न भोक्तव्यो मूलं हन्ति न संशयः ॥

अर्थ सांगितला: बारा वर्षं राहिलेला कंद वांझपण घालवतो, त्याहून कमी वर्षांचा खाऊ नये, तो मूळच नाहीसं करतो, यात संशय नाही. शेवटचे ते दोन शब्द भरतीचे. अक्षरं कमी पडली की आमच्यात ते घालतात; जिथं संशय सगळ्यांत जास्त असतो तिथं हमखास सापडतात. मामंजींचा जन्म निजामाच्या तहसिलीत उर्दू कागद लिहिण्यात गेला होता. संस्कृत म्हटलं की ते हात जोडत, कारण त्यातलं काही कळत नसे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, आणि मग त्याचं आपल्या भाषेत भाषांतर केलं.

"म्हंजे बारा सालची मियाद हाय."

"व्हय," तुम्ही म्हणालात.

"दुरुस्त. मियाद पुरी व्हायच्या आत कुणी हात लावायचा न्हाई." त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंना श्लोकावर विश्वास नव्हता, पण शास्त्राविरुद्ध बोलायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, "लावला कधीचा?" आणि मामंजींनी लावल्याचं साल आणि मृगाचा आदला दिवस, दोन्ही सांगितली. त्यांच्या ते ध्यानात आहे हे आपल्या दोघींनाही माहीत नव्हतं.

तिथून पुढे कंद मरू देणं आपल्याला परवडणारं नव्हतं. तुम्ही त्याला जेवढं जपलंत तेवढं स्वतःच्या गुडघ्यांना जपलं असतंत तर शेवटी जिना चढताना कण्हावं लागलं नसतं. गारपिटीत कुंडी माजघरात आली. उंदरांसाठी तुम्ही भोवती काटेरी फांद्या रोवल्यात. बारा वर्षं लवकर सरावीत म्हणून आत्याबाई चोरून दूध घालायच्या, जणू दुधानं साल पुढे सरकतं. एकदा तुम्ही त्यांना वाटीसकट पकडलंत. "वन्सं, त्याला दूध पाजू नका, त्याचं पोट बिघडंल," एवढंच म्हणालात, आणि ती वाटी माझ्या हातात देऊन मला प्यायला लावलीत. आत्याबाईंच्या देखत. दूध गार होतं आणि त्यात एक मुंगी होती. तसलं गोड दूध मी परत प्यायले नाही.

बहुधा पाचवं साल असेल. ज्येष्ठात माती बदलायला आपण कंद बाहेर काढला आणि पसरलेल्या पोत्यावर ठेवला. एकाचे कितीतरी झाले होते, एकाला एक लागून, आगगाडीच्या डब्यांसारखे. तुम्ही पुढच्या गुबगुबीत कंदापासून मागं मागं बोट नेत गेलात. दुसरा थोडा बारका, तिसरा सुरकुतलेला, आणि अगदी शेवटचा, आपण लावलेला, हलका, सालपटासारखा. तुम्ही तो दाबलात. आत पोकळ.

"अगं," तुम्ही म्हणालात, "ह्यो तर दर साली नवा व्हतो. जुना नव्याला पाजतो अन् मोकळा व्हतो."

"हो. असंच असतं याचं."

"मंग बारा वर्सांचा भरलेला कंद कधी असणार न्हाई."

मी तुमच्याकडे पाहिलं. श्लोक करताना हे माझ्या डोक्यातही नव्हतं. मला बारा आकडा फक्त वृत्तात बसला होता. तुम्ही तोंडाला पदर लावून इतक्या हसलात की आत्याबाईंनी माजघरातून विचारलं, काय झालं. "काही न्हाई वन्सं, गांडूळ निघालं," तुम्ही म्हणालात. मग पदर काढलात आणि तुमचा चेहरा हसरा नव्हता. सालपट तसंच जोडलेलं ठेवून आपण सगळी माळ परत बसवली.

तुम्ही गेलात ते पौषात. कुंडीवर टोपलं होतं. दुखणं चार-सहा दिवसांचं, पण तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. माझा हात धरून तुम्ही काही मोठं सांगाल असं मला वाटलं, आणि तुम्ही म्हणालात, "कुंडी फोडायची येळ आली तर त्यांच्यासमोर फोड. तू आधी काढून बघू नको. तुझ्या हातानं मोजू नको. त्यांना मोजू दे." त्यांना म्हणजे मामंजींना. एवढं बोलून तुम्ही कूस बदललीत. मला रागच आला. मरताना माणसानं सुनेला एखादा आशीर्वाद तरी द्यावा.

आशीर्वाद कुठे ठेवला होता ते मला पुढे दोन-तीन वर्षांनी कळलं. मृगाच्या आदल्या दिवशी सकाळी मामंजींनी पूजा आटोपली आणि म्हणाले, "आज मियाद पुरी." आत्याबाईंनी शहागडला आधीच निरोप धाडला होता, ती पहिली पोरगी केव्हाच उजवली होती, पण तिला धाकटी बहीण होती. अंगणात बाज टाकली. मामंजी बसले, शेजारी आत्याबाई. तुमचे चिरंजीव दाराच्या चौकटीला टेकून. मी वरवंट्यानं रांजणाचा तळ फोडला, माती झटकली आणि ती लांब माळ मामंजींच्या समोर पाटावर ठेवली. हात मी पदराला पुसत राहिले.

मामंजींनी चष्मा लावला. कागद तपासावा तसे ते एकेक कंद बोटानं टेकत गेले. "यातला बारा सालचा कोणता?"

"सगळ्यांत मागचा," मी म्हणाले.

त्यांनी तो दाबला. कुरकुर आवाज आला आणि बोट आत गेलं. "ह्यो मोकळा हाय."

"मंग पुढचा घे," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यो बघ केवढा भरलाय."

"ह्यो कधीचा?" मामंजींनी मला विचारलं.

"गेल्या पावसाळ्यातला. हा दर साली नवा होतो, मामंजी. जुना त्याला पोसतो अन् मोकळा होतो."

मामंजींनी मान वर केली. त्यांचं बोट त्या सालपटावरच होतं. अंगणाच्या पलीकडे कोठीशेजारच्या त्या खोलीचं दार दिसतं, तुम्हाला माहीतच आहे. ते तिकडे बघत होते की नुसतेच समोर, मला सांगता यायचं नाही.

"हर साल नवा कंद, म्हंजे हर साल नवी मियाद," ते म्हणाले.

"आरं पण असं तर कधीच…" आत्याबाईंनी सुरुवात केली.

"अक्का." आवाज चढला नव्हता. "एकदा तुमच्या शब्दावर चाललो. ती पोर ह्या अंगणात माझ्यासमोर सुकून गेली. आता ही मिसल बंद." तहसिलीत एखाद्या प्रकरणाचे कागद दोरीनं बांधून कायमचे फळीवर ठेवताना ते असंच म्हणत. मग ते उठले, चष्मा काढला, आणि जाता जाता मला म्हणाले, "दुसरी कुंडी घे. ऊन लागून राह्यलंय त्याला."

त्यांना तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं, की त्यांनी ते तिथल्या तिथं ताडलं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही मला आधी काढून बघू दिलं नाहीत याचं कारण मात्र मला त्या दिवशी उमगलं. मी पोकळ कंद पुढे केला असता तर ती सुनेची युक्ती ठरली असती. मामंजींच्या बोटाखाली तो पोकळ निघाला, म्हणून तो निकाल झाला. तुमचे चिरंजीव चौकटीपाशी तसेच उभे होते. सगळे गेल्यावर ते पुढे आले, खाली बसले आणि माती भरू लागले. लग्नानंतर एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं ते पहिलं घरकाम, आणि तेही चुकीचं; सगळी काळी माती भरली होती. ते आत गेल्यावर काढून टाकली.

मूल झालं नाही, सासूबाई. तुम्हाला ठाऊकच असेल, तिकडे बातम्या लवकर पोचत असतील. पण मी या घरात राहिले, एकटी नाही आणि दुसरीसह नाही. पुढे आत्याबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं मीच केलं. त्या मला शेवटी शेवटी पोथी वाचायला लावत आणि मध्येच विचारत, "ह्यो श्लोक खरा हाय का तुझा?" आळीतल्या मुली दुपारी ओसरीवर येतात, मी त्यांना शब्दरूपं घोकून घेते आणि वर तुमच्यासारखी मोठ्यानं बोलायलाही शिकवते. त्यांच्या आया त्याबद्दल माझ्यावर फारशा खूश नाहीत. अमरकंदाच्या आता कितीतरी कुंड्या आहेत. माळेचे तुकडे करताना प्रत्येक तुकड्याला दोन-तीन जुने कंद मागं ठेवावे लागतात, नाहीतर नवा तग धरत नाही; हे वडिलांनी सांगितलं नव्हतं, आपण दोघी एक मारून शिकलो. सध्या दिवस धामधुमीचे आहेत, दिवेलागणीलाच दारं लागतात, आणि काही घरं निजामाची सरहद्द ओलांडून वऱ्हाडात निघून गेली. तुमचे चिरंजीवही म्हणताहेत, महिना-दोन महिने जाऊ. म्हणून आज कंद काढून वेगळे केले. काही इथंच ठेवते, काही सोबत नेते. तुमचे उपकार असे फडक्यात बांधून नेता येतात ही मोठी सोय आहे; नाहीतर त्यांचं ओझं झालं असतं.

एक सांगायचं राहिलं. हा कागद टपालात पडणार नाही म्हणूनच सांगते. त्या दिवशी मिसल बंद झाल्यावर, नवी कुंडी भरून झाल्यावर, ते मागचं पोकळ सालपट माळेपासून सुटून पाटावर राहिलं होतं. ते खतात टाकायचं. मी आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं, आणि ते तोंडात टाकलं. श्लोक माझाच, जात्यावर केलेला, शेवटचे दोन शब्द भरतीचे, हे माझ्याहून पक्कं कुणाला ठाऊक? तरी चावून चावून गिळलं. मातीची चव होती आणि थोडी चुन्याची. औषधावर लगेच पाणी पिऊ नये म्हणून पाणीही प्यायले नाही. आणि पुढचे दोन महिने, सासूबाई, मी बोटांवर दिवस मोजत होते.